दोराचं दुसरं टोक

१

उभ्या उताराच्या छपरावर एकट्या माणसाचं काही चालत नाही. तो कितीही तरबेज असो, पलीकडच्या बाजूला कुणीतरी लागतंच. या दोघा भावांचं सगळं आयुष्य त्यावरच चाललं होतं. एक थोरला, एक धाकटा. लोकही त्यांना तेवढंच म्हणत. कुणाकडं गळायला लागलं की ‘थोरल्याला बोलवा’ नाहीतर ‘धाकट्याला निरोप द्या’, आणि निरोप कुणालाही गेला तरी यायचे दोघंच.

कामाची रीत बापाची होती. छपराचे दोन उतार जिथं मिळतात त्या माथ्यावरून एक लांब दोर पलीकडं टाकायचा. कौलं फुटू नयेत म्हणून दोराखाली गोणपाट. दोराचं एक टोक थोरल्याच्या कमरेला, दुसरं धाकट्याच्या. एकानं अंगणाकडच्या शिडीनं चढायचं, दुसऱ्यानं रस्त्याकडच्या. मग याचं वजन त्याला धरून ठेवी आणि त्याचं याला. मधे खुंटी नाही, कप्पी नाही. खुंटीला तुमची काळजी कुठली, असं बाप म्हणायचा.

माथ्यापलीकडं आवाज नीट जात नाही. वारा तो अर्ध्यातच उचलून नेतो. म्हणून बोलायचं ते दोरानं. हलकं ओढलं की सैल दे. धरून ठेवलं की थांब. उतरायचं असलं की एक लांब ओढ द्यायची. ती ओढ आली की दुसऱ्यानं हातातलं टाकून माथ्यावर चढायचं, घोड्यावर बसावं तसे दोन्हीकडं पाय सोडून बसायचं, आणि दोन झटके द्यायचे. दोन झटके म्हणजे, मी बसलोय, तू गाठ सोड. ते झटके यायच्या आधी एकानं गाठ सोडली, तर दुसरा उतारावरून थेट खाली.

थोरला काटकुळा आणि धाकटा अंगानं भरलेला. वजन जमावं म्हणून थोरला कमरेला शिशाच्या तुकड्यांची पिशवी बांधायचा. दर वर्षी त्या पिशवीत थोडी भर पडायची.

“वहिनीबाई,” तो धाकट्याच्या बायकोला म्हणायचा, “याला जरा कमी वाढत जा. नाहीतर एक दिवस मलाच माथ्यावरून पलीकडं खेचून नेईल.”

“भाऊजी, तुम्हीच जरा जास्त खा ना,” ती म्हणायची. “म्हणजे शिसं वाचेल.”

थोरल्यानं लग्न केलं नव्हतं. आई-बाप गेले तेव्हा धाकटा बोट धरून चालत होता. आता त्या धाकट्याच्याच घरात पाळणा यायचा होता. वहिनीनं तो थोरल्याच्या खोलीत ठेवायचं ठरवलं होतं. “बाळ रडलं की तुम्ही उठायचं. यांना उठवणं म्हणजे कौलाला उठवणं.” थोरला तोंडानं कुरकुरला, आणि दुसऱ्याच दिवशी आपली खाट भिंतीशी सरकवून त्यानं जागा करून ठेवली.

२

संगीतशाळेचं काम निघालं. इमारत जुनी, छप्पर इतकं उभं की त्यावर चिमणीसुद्धा विचार करून बसावी. शेजारी शाळेची नवी इमारत झाली होती, आणि तिलाही तसंच उभं छप्पर दिलं होतं. फक्त ते कौलांचं नव्हतं, चकचकीत पत्र्याचं होतं.

“उतार अगदी तोच ठेवलाय,” नकाशे काढणाऱ्या बाई कौतुकानं म्हणाल्या. “जुन्याचा मान राखलाय.”

“पण ताई,” धाकट्यानं विचारलं, “जुन्या लोकांना पाणी पटकन काढून द्यायचं होतं. तुमच्याकडं आता पाणी काढायला शंभर वाटा. मग एवढं उभं कशाला?”

“दिसायला चांगलं दिसतं.”

“आमचाही एक आहे तसा,” थोरला म्हणाला. “दिसायलाच.”

बाई हसल्या. धाकटाही हसला. पण नंतर तो पत्रे बसवणाऱ्या ठेकेदाराशी बराच वेळ बोलत उभा राहिला. ठेकेदाराकडं यंत्राचा झुला होता. माणसाला वर उचलायचा, खाली आणायचा. दोर नाही, भाऊ नाही. थोरल्यानं ते लांबून पाहिलं आणि शिडी उचलली.

पहिले काही दिवस नेहमीसारखे गेले. खालून कुणीतरी व्हायोलिनवर एकच सुरावट घासत असायचं, आणि दर वेळी एकाच जागी अडखळायचं. थोरला फुटकी कौलं काढून नवी सरकवायचा. डावीकडं जायचं असलं की दोर हलकेच ओढायचा, एक श्वास थांबायचा, आणि मग सैल मिळायचा.

तो एक श्वास धाकट्याचा होता. त्याचा हात लहानपणापासून आळशी. मागितलं की जरा उशिरानं द्यायचा. इतक्या वर्षांत थोरल्याच्या अंगाला त्या उशिराची सवय झाली होती. ओढ द्यायची, थांबायचं, मग पाय टाकायचा.

एका सकाळी त्यानं ओढ दिली आणि सैल लगेच मिळाला. तो पाय टाकायला तयारच नव्हता. डावा गुडघा कौलावर आपटला. त्याला वाटलं, आज स्वारी जागी दिसते. पण पुढच्या वेळीही तसंच झालं. आणि त्याच्या पुढच्या वेळी तर त्यानं हात दोराकडं नुसता नेला होता. अजून ओढलाही नव्हता.

दोर सैल झाला.

थोरला उतारावर पडून राहिला, गाल कौलाला टेकवून. खालचं व्हायोलिन अडखळलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

३

दुपारी अंगणातल्या कट्ट्यावर दोघं जेवायला बसले.

“आज हात फार चलाख चालतोय तुझा,” थोरला म्हणाला.

“माझा? दादा, मी म्हणतोय तुझा. मी मागायच्या आधीच देतोयस.”

थोरल्यानं घास तसाच हातात धरला. हा असा उलटा फिरवायला कधी शिकला?

“काय बघतोस?”

“काही नाही. भाजीत मीठ नाही.”

“तिला सांगू?”

“नको. अवघडलेली बाई आहे. तू आपला जेव.”

धाकटा जेवला, ठेकेदाराकडं बघून त्यानं हात हलवला. ठेकेदारानंही हलवला. थोरल्याच्या मनात एक गोष्ट येऊन बसली आणि काही केल्या उठेना. बांधून ठेवलेला दोर सैल देत नाही, घेतही नाही. म्हणजे पलीकडं माणूस होता. पण तो हात धाकट्याचा नव्हता. मग धाकट्यानं आपल्या जागी कुणी उभा केलाय की काय? ठेकेदाराचा एखादा पोरगा दोराला बांधायचा आणि स्वतः खाली जाऊन नोकरीच्या गोष्टी करायच्या? भावाचा जीव परक्याच्या कमरेला लावून?

असं करणार नाही तो, थोरल्याच्या मनानं म्हटलं. आणि लगेच म्हटलं, पण मग कोण?

४

शाळेत झाडलोट करणारी एक मावशी होती. दिवसभर रस्त्याकडच्या दारात तिची बादली असायची. थोरल्यानं तिला सहज विचारावं तसं विचारलं, “मावशी, आमचा धाकटा उतरतो का हो मधेच?”

“उतरतो की. काल नाही का, माझ्याजवळ बसून चहा प्याला. बाळाचं नाव काय ठेवायचं म्हणून माझं डोकं खाल्लं.”

“कधी?”

“दुपारची सगळी पोरं वर्गात गेली तेव्हा. बराच वेळ बसला. मी म्हटलं, अरे, तुझा दादा वर आहे ना? तर म्हणाला, तो माथ्यावर बसलाय आरामात.”

थोरला तेव्हा माथ्यावर नव्हता. तो वळचणीला होता, डोकं खाली करून पन्हळीतला पाला काढत होता. सगळा भार दोरावर. आणि दोर जागचा हलला नव्हता.

“त्याच्याबरोबर आणखी कुणी वर होतं का? पत्रेवाल्यांचा कुणी?”

“छे! कोण चढतंय तिथं? तुम्ही दोघं सोडून सगळ्यांना आपले पाय प्यारे आहेत.” मग मावशीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. “का हो? बरं नाही का?”

“ऊन लागलंय जरा.”

संध्याकाळी घराकडं जाताना त्यानं धाकट्याला गाठलं. “काल उतरला होतास.”

“हो. चहाला.”

“मला न सांगता?”

धाकटा रस्त्यातच थांबला. “सांगून म्हणजे? लांब ओढ दिली. तू दोन झटके दिलेस. मग गाठ सोडली. दादा, असं मी आजवर कधी चुकवलंय का?”

“माझ्याकडं ओढ आलीच नाही.”

“पण झटके आले ना माझ्याकडं.”

“मी दिले नाहीत.”

थोरल्यानं त्याच्याकडं नीट पाहिलं. धाकट्याचा चेहरा भाबडा होता, अगदी लहानपणचा. दूध सांडून मांजराचं नाव सांगायचा तेव्हाही तो असाच भाबडा असायचा. थोरल्याला तेच आठवलं आणि त्यानं तोंड फिरवलं.

“पत्रेवाल्यानं किती पगार देऊ केलाय तुला?” तो म्हणाला.

“अच्छा, असं आहे तर.” धाकट्याचा आवाज दुखावला. “त्यानं विचारलं. मी म्हटलं, दादाला घेणार असशील तर दोघं येऊ. तो म्हणाला, म्हाताऱ्याचं काय करू? मी विषय सोडला. विचार जाऊन त्याला.”

थोरला विचारायला गेला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

५

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं आणि नवं पत्र्याचं छप्पर आरशासारखं लखलखत होतं. त्याचा एक उतार जुन्या इमारतीच्या कडेच्या भिंतीकडं तोंड करून होता. थोरला त्या कडेला पोचला आणि सहज मान वळवली, तर पत्र्यात त्याला आपलं छप्पर दिसलं. कडेनं बघितल्यावर दिसतं तसं, मोठं त्रिकोणी. अंगणाकडच्या उतारावर एक काळा डाग. तो थोरला. रस्त्याकडच्या उतारावर दुसरा डाग, जरा जाड. तो धाकटा.

म्हणजे आहे, जागेवरच आहे. थोरल्याला इतकं हायसं वाटलं की आपल्या संशयाची त्याला लाज वाटली.

मग त्याला माथ्यावरचा डाग दिसला.

तो बारीक होता. दोन्हीकडं पाय सोडून बसल्यासारखा, जरा पुढं वाकलेला, दोन्ही हात दोरावर असल्यासारखे. थोरल्यानं घाम पुसायला हात उचलला. पत्र्यात दोन डागांनी हात उचलला. एक उतारावरचा, एक माथ्यावरचा.

त्यानं झटकन वर पाहिलं. माथा रिकामा होता. कौलं, गोणपाट, त्यावरून पलीकडं जाणारा दोर, आणि मागं आभाळ. पुन्हा पत्र्याकडं पाहिलं तर ऊन सरकलं होतं आणि तिथं नुसता पांढरा उजेड होता.

पत्र्याला पोचा असेल, त्यानं ठरवलं. पोच्यात एकाची दोन प्रतिबिंबं दिसतात. लहानपणी वाकड्या ताटात तोंड बघून आपण हसायचो की. हे सगळं खरं होतं. तरी तो दिवसभर दोराला हात लावायचा झाला की आधी वर बघायचा. आणि मनातला जुना संशय त्याला आता जवळचा वाटायला लागला. ठेकेदाराचा माणूस असेल. वर बसवला असेल. आपण बघितलं तेव्हा पलीकडं सरकला असेल. कुणी माणूस असेल तर भांडता तरी येतं.

६

“आज एक करायचं,” शिडी लावताना थोरला म्हणाला. “मी स्वतः रस्त्याच्या बाजूला येऊन हाक मारेपर्यंत उतरायचं नाही. कसलेही झटके येवोत.”

“आणि मला जावं लागलं तर?”

“धरून ठेव.”

“बाळ होताना तिलाही हेच सांगू का?” धाकटा म्हणाला, पण दादाचा चेहरा बघून त्यानं हसू गिळलं. “बरं. नाही उतरत.”

दुपार कलेपर्यंत थोरल्यानं काम केलं. दोर चोख चालत होता, फार चोख. मग त्यानं हातोडी पट्ट्यात खोवली आणि काही इशारा न देता माथ्याकडं चढायला लागला. चोराला बेसावध गाठायचं होतं. तो जसा वर सरकत होता तसा पलीकडचा दोर बरोबर तेवढाच आत घेतला जात होता. कुठं झोल नाही, कुठं ओढ नाही. जणू दोघं मिळूनच चढत होते.

त्यानं माथ्यावर पाय टाकला आणि पलीकडं पाहिलं.

उतार रिकामा होता. अर्धवट लावलेल्या कौलांची रांग होती. धाकट्याचा हातोडा आकड्याला टांगलेला होता. दोर उतारावरून ताठ सरळ खाली गेला होता आणि वळचणीच्या कडेवरून खाली नाहीसा झाला होता. त्याला भार होता. पुरता, जिवंत भार. मधूनच हलत होता.

पोर लटकलंय! थोरल्यानं दोर मनगटाला गुंडाळला, गुडघ्यांनी माथा आवळला. “धाकट्या! हलू नकोस! मी धरलंय!”

“दादा?”

हाक मागून आली. अंगणातून. धाकटा खाली उभा होता, एका हातात किटली, दुसऱ्या हातात कप.

“काय झालं? कुणाशी बोलतोयस?”

दोर हातात ताठ होता.

“तू खाली कसा?”

“तू झटके दिलेस ना. दोन. मी मुद्दाम थांबलो, सांगितलं होतंस म्हणून. पण मग तूच रस्त्यावरून हाक मारलीस, ‘उतर रे’ म्हणून. उतरलो तर तू नाहीस. म्हटलं अंगणात आला असशील.”

“मी हाक मारली नाही.”

“दादा, मी तुझा आवाज ओळखत नाही का?”

थोरल्यानं खाली पाहिलं. किटली धाकट्याची, उभं राहणं धाकट्याचं, कपाळावर आठी घालून वर बघणंही त्याचंच. मग त्यानं दोराकडं पाहिलं. डोळे फसतात, माणूस खोटं बोलतो. पण दोर? साऱ्या आयुष्यात दोर कधी खोटं बोलला नव्हता. दोराला वजन होतं, आणि ते नेमकं धाकट्याचं होतं. त्याच्या कमरेचं शिसं ते वजन ओळखत होतं. हे खालचं जे उभं आहे ते भाऊ असेल, तर दोराला काय आहे? आणि दोराला भाऊ असेल, तर हे आज संध्याकाळी किटली घेऊन कुणाच्या घरी जाणार? वहिनी दार उघडेल.

“तू कोण आहेस?” त्यानं विचारलं.

धाकट्यानं किटली खाली ठेवली. “असं काय करतोस? चक्कर येतेय का? थांब, मी वर येतो.”

“शिडीवर पाय ठेवू नकोस! ठेवलास तर दोर सोडीन.”

“अरे, पण कुणाला सोडशील? मी इथं आहे!” त्याचा आवाज रडकुंडीला आला होता. “दादा, ऐक माझं. तूच उतर. या बाजूनं हळूहळू ये, मी शिडी धरतो. तुला बरं नाही. दोन दिवस बघतोय मी.”

किती मायेनं बोलत होता. थोरल्याला पाय उचलावासा वाटला. तेवढ्यात हातातला दोर थरथरला, लटकलेलं माणूस दमून थरथरतं तसा.

“नाही,” तो म्हणाला. “मी भावाला सोडणार नाही.”

धाकटा हरल्यासारखा म्हणाला, “बरं. हलू नकोस. मी पलीकडून बघून येतो, दोर कशात अडकलाय ते.” आणि तो धावत कोपऱ्यावरून वळला.

थोरला त्याची पावलं ऐकत राहिला. माथ्यावर बसलं की दोन्हीकडचं ऐकू येतं. पावलं इमारतीच्या कडेनं गेली, रस्त्यावर आली, वळचणीखाली थांबली. खाली वर्गात कुणीच वाजवत नव्हतं.

मग धाकट्याचा आवाज आला, हायसं वाटल्यासारखा.

“दादा! अरे, तू इकडं कधी उतरलास?”

“आत्ताच,” वळचणीखालून कुणीतरी म्हणालं.

आवाज थोरल्याचा होता. हळू, संथ, शब्दामागून शब्द ठेवणारा. आपला आवाज बाहेरून असा ऐकू येतो हे त्याला त्याच क्षणी कळलं.

मनगटावरचा दोर सैल पडला.

“घाबरवलंस रे मला,” धाकटा म्हणत होता. “काय काय बोललास वरून.”

“ऊन लागलं. चुकलं माझं. चल, घरी जाऊ. वहिनी एकटी असेल.”

“धाकट्या!” थोरला ओरडला. सगळा जीव घशात आणून ओरडला. “अरे, तो मी नाही! मी वर आहे!”

खाली धाकट्यानं विचारलं,

“दादा, कुणी हाक मारली का?”

“वारा आहे,” तो आवाज म्हणाला.

मग ते दोघं वळचणीखालून रस्त्यावर निघाले आणि त्याला दिसले. एक भरलेला. दुसरा काटकुळा, जरा पुढं वाकलेला, कमरेला पिशवी, डावा पाय किंचित जपून टाकणारा. चेहरा पाठमोरा होता. धाकट्यानं त्याच्या खांद्यावर हात टाकला होता. दुखणाईत माणसाला सांभाळून न्यावं तसा तो त्याला नेत होता.

वळणावर धाकटा थांबला. कपाळावर हात धरून त्यानं मागं वळून छपराकडं पाहिलं, दिवसाचं काम संपल्यावर तो नेहमी बघायचा तसं, एकही कौल तिरकं नाही ना म्हणून. थोरल्यानं दोन्ही हात उंच केले. धाकट्याची नजर उतारावरून वर आली, माथ्यावर आली, माथ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश गेली.

सगळं सरळ होतं. समाधानानं मान हलवून तो वळला आणि घराच्या वाटेला लागला.